सायबरपंक कॅम्पेनमध्ये टोळीला एकच व्हॅन द्या, प्रत्येकाला वेगळी गाडी नको

धूसर_जीएम

वर्षभर ‘सायबरपंक रेड’ या टेबलवरच्या रोलप्लेइंग खेळाचं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट) जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय. टोळीला गाडी एकच. शक्यतो मोठी, कुरूप, बाजूला सरकतं दार असलेली व्हॅन. ज्याला बाईकची हौस आहे त्याने ती बॅकस्टोरीत (पात्राच्या पूर्वकथेत) चालवावी.

आमच्या टेबलवर पाच जण आहेत. पहिल्या कामाची बिदागी म्हणून मी दिलदारपणे गाड्या वाटल्या. सोलोला (लढवय्याला) बाईक, फिक्सरला (दलालाला) चकचकीत कार, मेडटेकला (डॉक्टरला) एक जुनाट कार. नोमॅडकडे, म्हणजे भटक्या घराण्यातल्या ड्रायव्हरकडे, स्वतःची होतीच. नेटरनर (हॅकर) सोलोच्या मागे बसणार असं ठरलं. तिसऱ्या सेशनला गोदामातून माल उचलून पळायची वेळ आली आणि चार गाड्या चार दिशांना गेल्या. फिक्सर उड्डाणपुलावर, नोमॅड शहराबाहेर, सोलो रक्त गाळत कुठल्याशा गल्लीत, आणि त्याला टाके घालू शकणारा एकमेव माणूस बोगद्यात अडकलेला. एकाची पाळी चालू असताना बाकीचे मोबाईल बघत बसले. अडीच तास चालला तो पाठलाग, आणि त्या अडीच तासांत एकाही कॅरेक्टरने दुसऱ्याशी धड एक वाक्य बोललं नाही.

तेच दृश्य व्हॅनमध्ये मांडून बघा. नोमॅड स्टिअरिंगवर, सोलो उघड्या दारातून गोळ्या झाडतोय, मेडटेक हलत्या गाडीत जखम शिवतोय, फिक्सर लपायला जागा मिळते का म्हणून फोन फिरवतोय, आणि नेटरनर ओकतोय. सगळे एका पत्र्याच्या डब्यात एकमेकांवर खेकसतायत. मला तरी खेळ म्हणजे हे वाटतं.

शिवाय हिशेब बघा. रेडमध्ये नव्या कॅरेक्टरला हत्यारं, चिलखत, सायबरवेअर (शरीरात बसवायची यंत्रं) वगैरेसाठी २,५५० युरोबक्स मिळतात. साधी रोडबाईक २०,००० ची, कॉम्पॅक्ट कार ३०,००० ची. गाडी ही प्रत्येकाच्या खिशात असायची वस्तूच नाही, असं नियमच सांगतायत. त्यात बाईक असो की कार, चालवायचं कौशल्य गुण घालून घ्यावं लागतं. म्हणजे पाच जणांनी गाडी घेतली की पाच शीट्सवर (पात्रांच्या नोंदपत्रांवर) गुण अडकणार, तेही चार सेशनमधून एकदा लागणाऱ्या गोष्टीत.

पटत नसेल तर भांडा.

तिसरा_गिअर

भांडतोच.

तुमचा पाठलाग फसला तो गाड्यांमुळे नाही. चार गाड्यांना चार रस्ते दिले कुणी? एकच महामार्ग, एकच ट्रॅफिक, चारही गाड्या एकमेकांच्या आरशात दिसतायत, असं ठेवलं असतं तर सोलोने चालत्या बाईकवरून मेडटेकच्या कारच्या टपावर उडी मारली असती. तुम्ही नकाशा फाडलात आणि खापर बाईकवर फोडताय.

दुसरं म्हणजे, गाडी हे कॅरेक्टरचं अर्धं शीट असतं. मी जीएम असतो तेव्हा बॅकस्टोरी वाचतच नाही. (दोन पानांची बॅकस्टोरी लिहिणाऱ्यांनी क्षमा करावी, पण कोणताच जीएम ती वाचत नाही.) मी फक्त गाडीबद्दल विचारतो. पैसे कुठून आणलेस? रात्री कुठे लावतोस? नोंदणी कुणाच्या नावावर? या तीन उत्तरांत एक शत्रू, एक मित्र आणि एक कर्ज हमखास सापडतं. एका खेळाडूची मीडिया, म्हणजे पत्रकार, होती. तिने मुद्दाम करडी, डाग पडलेली, कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही अशी कॉम्पॅक्ट मागितली. का, तर तिला तासन्तास कुणाच्या तरी दाराबाहेर गाडीत बसून राहायचं असतं. एका ओळीत ती बाई डोळ्यांसमोर उभी राहिली. तुमच्या व्हॅनमध्ये ती फक्त चौथ्या सीटवरची प्रवासी.

आणि एक्झेक, म्हणजे कंपनीचा अधिकारी? कॉर्पोरेशनच्या बैठकीला तो सरकत्या दाराच्या व्हॅनमधून उतरणार?

धूसर_जीएम

एक्झेकचा मुद्दा मान्य. त्याला कंपनीची कार आणि ड्रायव्हर देईन. पण ती कंपनीची गाडी, त्याची नव्हे. काम बिघडलं की सकाळी किल्ली चालत नाही, आणि ते मला फार आवडतं.

मीडियाचं उदाहरण झकास आहे, पण ती एकटी पाळत ठेवते तेव्हा टेबलवरचे बाकीचे काय करतात, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

चिलखती_चाक

मी शॅडोरन या दुसऱ्या सायबरपंक खेळाचा माणूस, त्यामुळे आकडे त्याच्या पाचव्या आवृत्तीचे देतो.

जीएमसी बुलडॉग ही तिथली टिपिकल व्हॅन. ३५,००० न्यूयेन (तिथलं चलन), सीट सहा, बॉडी (मजबुती) १६, आर्मर (चिलखत) १२, हँडलिंग (वळण्याची क्षमता) ३, स्पीड ३. सुझुकी मिराज ही रेसिंग बाईक. ८,५०० न्यूयेन, रस्त्यावर हँडलिंग ५, स्पीड ६, पण बॉडी ५ आणि आर्मर ६. एका बुलडॉगच्या किमतीत चार मिराज येतात, वर हजार उरतात. तेव्हा ‘वेगळ्या गाड्या परवडत नाहीत’ हा मुद्दा निदान आमच्याकडे टिकत नाही. जमिनीवरच्या सगळ्या गाड्यांना कौशल्यही एकच लागतं, बाईकसाठी वेगळं नाही.

आता पाठलागाचं. आमच्या नियमांत जीएमने आधी ठरवायचं असतं की परिसर वेगाचा आहे की वळणांचा. मोकळा महामार्ग असेल तर टेस्टची (फासे टाकून करायच्या चाचणीची) मर्यादा स्पीड ठरवतो, अरुंद गल्ल्या असतील तर हँडलिंग. फासे कितीही चांगले पडोत, बुलडॉगचे तीनच्या वरचे हिट्स (यशस्वी फासे) वाया जातात. मिराजला पाच किंवा सहा मोजता येतात. याचा अर्थ व्हॅनने पळून जायचा बेत दोन्हीकडे दुबळा, आणि तोही आकड्यांनी सिद्ध.

तरीही मी व्हॅनच घेतो. :)

कारण नुकसान आर्मरच्या वर गेलं नाही तर गाडीला काहीच होत नाही. साध्या पिस्तुलाने बुलडॉगच्या पत्र्याला ओरखडा काढायचा तर नेमबाजाचं नशीब जोरावर असावं लागतं. मिराजचा तेवढ्यात खुळखुळा होतो. शिवाय गाडीचं आर्मर आत बसलेल्यांच्या कामी येतं. बाईक पळते, व्हॅन सोसते. टोळीत चार जण पळणारे असतील तर सोसणारं काहीतरी हवंच.

मोटरपूल

नमस्कार मंडळी. मी या धागाकर्त्याच्याच टेबलवरचा नोमॅड. गोष्ट अर्धीच सांगितली आहे, उरलेली मी सांगतो.

अरे बाबा, त्या रात्री मी शहराबाहेर का गेलो? कारण तू फिक्सरला फुकटात दिलेली कार माझ्या कारपेक्षा दुप्पट वेगवान होती! नोमॅडला रेडमध्ये एकच खास गोष्ट मिळते, मोटो. गाडी चालवताना माझी रँक (या कसबाचा दर्जा) फाशात मिळवायची, आणि प्रत्येक रँकला घराण्याच्या ताफ्यातून एक नवी गाडी किंवा असलेल्या गाडीत एक अपग्रेड. सुरुवातीच्या चार रँक म्हणजे चार निवडी. मी त्यातल्या दोन चिलखतावर आणि जादा सीटवर घालवल्या, या आशेने की टोळी माझ्या गाडीत बसेल. तिसऱ्या सेशनला बघतो तर सोलो बाईकवर, फिक्सर कारमध्ये, आणि माझ्या जादा सीटवर मालाच्या पेट्या.

सोलोचं लढाईतलं कसब तू उद्या सगळ्यांना वाटशील का? नेटरनरचा इंटरफेस मेडटेकला देशील? मग माझीच रँक का वाटलीस?

तर मत व्हॅनच्या बाजूने, पण तुझ्या कारणांसाठी नाही. गाडी नोमॅडची असावी. टोळीत नोमॅड नसेल तर टोळीने पायी हिंडावं, नाहीतर भाड्याने बोलवावी.

धूसर_जीएम

हे तू मला टेबलवर का नाही सांगितलंस?

मोटरपूल

सांगितलं होतं. तू म्हणालास, “इनिशिएटिव्ह टाक,” म्हणजे पाळी ठरवायचा फासा.

पायी_प्रवासी

दोन्ही पक्षांशी असहमत. या लोकांकडे भाडं थकलेलं, अर्धं शरीर हप्त्यावर घेतलेलं, आणि दारात गाडी? सायबरपंकची मजा शहर अंगावर येण्यात आहे. गाडी आली की शहर खिडकीबाहेर जातं. लोकल ट्रेनमध्ये लपवलेली असॉल्ट रायफल घेऊन, बाजूच्या सीटवरच्या झोपलेल्या मुलाकडे न बघता सहा स्टेशनं काढून दाखवा, मग पाठलागाचं बोला. माझ्या टेबलवर सुटकेचा बेत ‘गाडी कुठे लावू’ यापाशी सुरू होत नाही, ‘शेवटची ट्रेन किती वाजता’ इथे सुरू होतो.

शिवाय गाडी म्हणजे माग. शॅडोरनमध्ये शहराची वाहतूक ग्रिडगाइड सांभाळते. त्यावर गाडी सोडली की ती आपोआप धावते, पण तुम्ही कुठे आहात हेही व्यवस्थेला कळत राहतं. आणि ते बंद करून हाताने चालवायला लागलात की तेच संशयास्पद.

चिलखती_चाक

ट्रेन छानच. पण रिगरचं काय करणार? शॅडोरनच्या १९८९ च्या पहिल्या आवृत्तीपासून ते पात्र आहे. मेंदूत कंट्रोल रिग बसवून गाडीत ‘उडी’ मारायची, म्हणजे चाकं हेच पाय आणि कॅमेरे हेच डोळे. पाचव्या आवृत्तीत पहिल्या दर्जाचं रिग ४३,००० चं, तिसऱ्याचं २,०८,००० चं. कॅरेक्टर बनवताना सर्वोच्च प्राधान्य पैशाला दिलं तरी हातात ४,५०,००० येतात, म्हणजे तिसरा दर्जा घेतला तर जवळजवळ निम्मे डोक्यातच गेले. आणि उडी मारलेली असताना गाडीला लागलं की झटका रिगरलाही बसतो. एवढं सोसणाऱ्याला तुम्ही तिकीट काढून ट्रेनमध्ये बसवणार?

उलट टोकही सांगतो. पैशाला तळाचं प्राधान्य दिलेल्या कॅरेक्टरला मिळतात ६,००० न्यूयेन, आणि डॉज स्कूट ही स्कूटर ३,००० ची. माझ्या एका खेळाडूने निम्मी संपत्ती स्कूटरवर घालवली. बाकीचे हसले. पण ड्रोन, व्हॅन, हेलिकॉप्टर सगळं विसरलो, ती स्कूटर अजून आठवते, कारण गोळीबारात सगळे आडोसा शोधत होते आणि हा आधी स्कूटर आडोशाला लावत होता.

तिसरा_गिअर

बघा! हेच तर मी सांगतोय. व्हॅनसाठी असं कुणी केलं असतं का? सामायिक गाडीवर कुणाचा जीव नसतो. रॉकेट येऊन फुटली तर पाचही जण खांदे उडवून दुसरी मागतात. आणि रॉकेटचा विषय निघालाच आहे, तर पाचही जण एकाच डब्यात बसलेले असताना ते लागलं तर कॅम्पेन तिथेच संपलं. पाच गाड्यांत एक जातो, चार सूड घेतात.

धूसर_जीएम

भरल्या व्हॅनवर रॉकेट टाकणारा जीएम हा गाडीचा नाही, मैत्रीचा प्रश्न आहे.

उलटा_फासा

गाड्यांची संख्या मोजत बसलात, म्हणून उत्तर सापडत नाहीये. २०१६ चा ‘द स्प्रॉल’ हा सायबरपंक रोलप्लेइंग खेळ खेळलाय का कुणी? त्यात ड्रायव्हर घेतला की गाडीची ताकद ठरवायची, रूप ठरवायचं, आणि एक कमजोरी निवडायची. इंधन पिते, आवाज करते, ऐनवेळी दगा देते, असं काहीतरी. कमजोरी खेळाडूने स्वतः निवडलेली असते, त्यामुळे जीएमने ती वापरली की राग येत नाही, उलट कॉलर ताठ होते.

तिसरा_गिअर म्हणतात सामायिक गाडीवर जीव बसत नाही. बसतो. आमची व्हॅन थंड असताना सुरू व्हायची नाही. प्रत्येक कामाआधी कुणीतरी दहा मिनिटं इंजिन गरम करत बसायचं, आणि ते कोण यावरून जी भांडणं झाली ती कुठल्याही गोळीबारापेक्षा जास्त लक्षात आहेत. तीच व्हॅन गुळगुळीत, निर्दोष, आकड्यांनी भक्कम असती तर तिला कुणी नावसुद्धा ठेवलं नसतं.

अवांतर: एव्हीबद्दल अजून कुणी बोललं कसं नाही? खेळाडूंच्या हातात उडती गाडी देऊ नका एवढंच सांगतो. ट्रॉमा टीम (सशस्त्र रुग्णवाहिका सेवा) एव्ही-४ मधून उतरते तेव्हा सगळे मान वर करून बघतात. दर आठवड्याला तुम्हीच त्यातून उतरायला लागलात की वर बघायला काही उरत नाही. रेडने हवाई वाहनाच्या कौशल्याला दुप्पट गुण लावलेत ते उगाच नाही.

पायी_प्रवासी

थंड इंजिन आवडलं. अशी व्हॅन असेल तर मी ट्रेनमधून उतरायला तयार आहे. एका स्टेशनापुरता.

तिसरा_गिअर

मी नाही. प्रत्येकाची गाडी, प्रत्येकाची कमजोरी. पाच कमजोऱ्या म्हणजे पाचपट मजा.

धूसर_जीएम

पाचपट मजा म्हणजे साडेबारा तासांचा पाठलाग. नको.

पण दोन गोष्टी बदलतोय. फिक्सरची कार पुढच्या सेशनला चोरीला जाणार (फिक्सर इथे वाचत नाही असं गृहीत धरतो). सोलोची बाईक राहील, पण ती व्हॅनच्या मागच्या भागात बसेल एवढीच, आणि पाठलागात उतरवायची तर आधी दार उघडून चालत्या गाडीतून उतरवावी लागेल. व्हॅन मोटरपूलच्या ताफ्यातली, त्याच्या रँकवर. त्या दोन वाया गेलेल्या निवडी नव्याने करायची मुभा.

आणि कमजोरी तूच निवड. आत्ता, इथेच, म्हणजे नंतर माझ्यावर ओरडता येणार नाही.

मोटरपूल

बाजूचं सरकतं दार फक्त बाहेरून उघडतं. आतली कडी माझ्या आत्याने कधीतरी तोडली आणि घराण्यात त्याबद्दल बोलायची कुणाची हिंमत नाही. म्हणजे दर वेळी कुणीतरी पुढून उतरून, गाडीला वळसा घालून, गोळ्या चुकवत दार उघडायचं.

पुढच्या सीटवर फिक्सर बसेल. त्याच्याकडे आता गाडी नाहीये ना.