मदत हवी आहे: कॉल चालू असताना डीएएफ (आपलाच आवाज जरा उशिरा कानात ऐकवणं) कसं वापरता?

वय ३१, लहानपणापासून बोलताना अडखळतो. शब्दाच्या सुरुवातीचे 'प' आणि 'क' हमखास अडतात. श्रवणचाचणी नॉर्मल, आठ महिने स्पीच थेरपी झाली आहे.

आरती सगळ्यांबरोबर म्हणताना मात्र जीभ एकदाही अडत नाही. तसंच सोबत कुणी बोलत असल्याचा भास व्हावा म्हणून आपलाच आवाज जरा उशिरा (डीएएफ) आणि बदललेल्या सुरात (एफएएफ) कानात ऐकवणारं ॲप घेतलं. ब्लूटूथवर फसलं, त्याचा स्वतःचाच उशीर इतका, की ॲपमध्ये ५० मिलिसेकंद ठेवून उपयोग नाही. वायरचे इअरफोन, ७० मिलिसेकंद आणि सूर अर्धा सप्तक खाली केल्यावर पेपर मोठ्याने वाचताना फरक स्पष्ट जाणवला. २०० वर मी प्यायल्यासारखा ओढत बोलतो, ते नको.

अडचण फोनची. माझं काम दिवसभर ग्राहकांना कॉल करण्याचं. माझ्या अँड्रॉइडवर कॉल लागला की माइक कॉलकडे जातो, ॲप मुकं. दोन फोन करून पाहिले, एका कानात ॲप, दुसऱ्यात कॉल. चालतं, पण परिणाम अर्धाच, आणि ऑफिसातला गोंगाटही ॲप कानात ओततं.

बजेट ५,००० रुपये, त्यामुळे कानात बसवायचं तयार उपकरण बाद. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करता येत नाही. वेखंड, तोंडात गोट्या आणि 'सावकाश बोल' हे सगळं करून झालंय.

छोटा मिक्सर वगैरे लावून कॉल आणि डीएएफ एकाच हेडफोनमध्ये कोणी आणलंय का? जोडणी कशी केलीत? आणि रोज वापरल्यावर काही महिन्यांनी परिणाम ओसरला का?