मदत हवी आहे: सोमवारी सही करायची आहे आणि हिंमत होत नाहीये

गुलबक्षी२७
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. परदेशातल्या नोकरीची ऑफर आली, कॉन्ट्रॅक्ट मेलवर आलं, सोमवार संध्याकाळपर्यंत सही करून पाठवायचं आहे. गेल्या आठवड्यापर्यंत सगळं ठीक होतं, आता झोप उडालीय. एकटीने जमेल का, तिथे तोंडातून शब्द फुटेल का, सगळ्यांसमोर हसं होईल का, माझ्यामुळे कुणाच्या जिवावर बेतलं तर? घरचे सरळ नाही म्हणत नाहीत, पण "झेपणार आहे का बघ" हे रोज एकदा ऐकवतात. त्यात बॉण्ड आहे, मधेच सोडलं तर पैसे भरायचे. ही भीती कमी कशी करायची, की सरळ नाही कळवून टाकू? "जा गं बिनधास्त" असले प्रतिसाद नकोत, तेवढं मैत्रिणी बोलतातच.

डोंगरवाट
देश? काम? बॉण्ड कितीचा, कुणाशी? हे न सांगता कुणी काय सांगणार?

टिचकी
"कुणाच्या जिवावर" म्हणजे नर्स किंवा बस ड्रायव्हर. दोन्हींत सल्ला वेगळा आहे.

गुलबक्षी२७
सॉरी, घाईत लिहिलं. जर्मनी. बीएस्सी नर्सिंग, सध्या आयसीयूत. जर्मन भाषेची बी१ पातळी झालीय, पुढच्या बी२चा क्लास चालू आहे, त्यात ऐकण्याच्या सराव परीक्षेत सारखी गचकते. बॉण्ड एजन्सीचा की तिकडच्यांचा ते बघावं लागेल.

सातासमुद्रापार
जर्मनी असेल तर आधी ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याचा खर्च आगाऊ ठेवायचं खातं) उघडून घ्या. वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. एपीएस सर्टिफिकेटलाही (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) वेळ लागतो, त्याचा अर्ज आजच टाका.

टिचकी
काका, ते शिकायला जाणाऱ्यांचं. ती नोकरीला चाललीय, पगार आहे.

सातासमुद्रापार
माहिती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून दिली.

मस्कतकर
एवढा जर्मनचा घोळ घालण्यापेक्षा आखात बघा. कामाची भाषा इंग्रजी, आयसीयूचा अनुभव मोजला जातो, टॅक्स नाही.

डोंगरवाट
आखातात नर्सला ईसीएनआर (एरवी क्लिअरन्स न लागणारा) पासपोर्ट असला तरी इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, भरतीही ठरावीक मान्यताप्राप्त संस्थांमार्फतच. वाईट पर्याय नाही, पण तिने तो विचारलेला नाही.

रात्रपाळी
गुलबक्षी, भाषा आणि वॉर्ड एवढ्याचंच सांगते. कॉन्ट्रॅक्टचं इथे दुसरे जाणकार आहेत.

"शब्द फुटेल का" ही एक भीती नाही, तीन आहेत आणि तिघींवर उपाय वेगवेगळे. पहिली उबरगाबे, म्हणजे शिफ्टचा हॅन्डओव्हर. त्याचा क्रम जवळपास ठरलेला असतो: खोली, नाव, वय, निदान, पाळीत काय झालं, व्हायटल्स, चालणं-फिरणं, खाणंपिणं, लघवी-शौच, दुखणं, पुढच्या पाळीला काय राहिलं. शब्द तेच तेच फिरतात. संक्षेप मात्र पाठच हवेत. आर-आर म्हणजे बीपी, बी-झेड म्हणजे शुगर, डी-के म्हणजे कॅथेटर, फाऊ-वे म्हणजे ड्रेसिंग बदलणं, ए-झेड म्हणजे एकूण प्रकृती. आजपासून ड्यूटी संपली की त्या दिवसाच्या एका पेशंटचा हॅन्डओव्हर, नाव-गाव वगळून, दोन मिनिटांत जर्मनमध्ये मोबाइलवर रेकॉर्ड कर. मग ऐक. कुठे अडखळलीस तेवढेच शब्द वहीत. परीक्षेची पुस्तकं भाडं, सहल, पर्यावरण शिकवतात. वॉर्ड शिकवत नाहीत.

दुसरी भीती फोनची. समोर चेहरा नसतो म्हणून फोन सगळ्यात अवघड. लॅबमधून आकडा सांगितला की लिही आणि तोच त्यांना परत वाचून दाखव, हे तिथे अपेक्षितच असतं. आकड्यांत मुली घाबरतात कारण डोक्यात इंग्रजी ट्वेंटी-फाइव्ह चालू असतं. जर्मनमध्ये आधी पाच, मग वीस, आपल्या पंचविसासारखंच. मराठीतून ऐक, चुका कमी होतील.

तिसरी म्हणजे म्हाताऱ्यांची बोली. दक्षिणेकडे बव्हेरियात, श्वाबेनमध्ये गेलीस तर बी२वालीलाही पहिले काही आठवडे कळत नाही. त्यात तुझी कमतरता काही नाही, दुसऱ्या जर्मन भागातून आलेल्यांचीही गत तीच.

आता जिवावर बेतण्याचं. आनएरकेनुंग, म्हणजे पदवीची मान्यता पूर्ण होऊन उर्कुंडे, म्हणजे तसं प्रमाणपत्र, हातात येईपर्यंत तू कागदावर फ्लेगेफाखफ्राऊ, म्हणजे पूर्ण नर्स, नसतेस, हेल्पर असतेस आणि देखरेखीखाली काम करतेस. औषधं, इंजेक्शनं तू एकटीने करायची नसतात. कुणी घाईत "हे देऊन टाक" म्हटलं तर "हे करायची मला अजून परवानगी नाही" एवढं म्हणायचं. झेपत नसलेलं काम अंगावर घेतलंस तर जबाबदारी तुझ्यावर येते, म्हणजे तिथे गप्प बसणं धोक्याचं आणि विचारणं सुरक्षित. "दास हाबे इष निष्ट फरश्टांडन, बिटे नोखमाल" (हे मला कळलं नाही, कृपया पुन्हा सांगा) हे वाक्य झोपेतही आलं पाहिजे. नुसतं हसून "या, या" म्हणायचं नाही, घात तिथेच होतो.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. भाषेपेक्षा आत्मविश्वास जास्त खचतो तो ग्रुंडफ्लेगेमुळे, म्हणजे रोजच्या मूलभूत सेवेमुळे. अंघोळ, भरवणं, डायपर, कूस बदलणं हे आपल्याकडे मावशी आणि नातेवाईक करतात, तिथे नर्सच करते. उलट सलाईनची सुई लावणं बहुतेक ठिकाणी डॉक्टरकडे असतं. आयसीयूतल्या मुलीला वाटतं, मला आया करून ठेवलं. हे अगोदर माहीत असलं की मनाला एवढं लागत नाही.

टिचकी
+१. शेवटचा परिच्छेद जाहिरातीत कधीच नसतो.

कलमबहाद्दर
काम हॉस्पिटलमध्ये आहे की वृद्धाश्रमात? हे आधी सांगा. आणि बॉण्डची पानं वाचून उत्तर द्या, आठवणीतून नको.

गुलबक्षी२७
वाचलं. मालकाच्या नावात झेनिओरेनत्सेंट्रुम आहे. म्हणजे वृद्धाश्रमच ना? एजन्सीवाले क्लिनिक क्लिनिक म्हणत होते. बॉण्ड ९,००० युरो, दोन वर्षं, मालकाशी. त्यात भाषेचा क्लास, विमान, कागदपत्रं सगळं धरलंय. एजन्सीने माझ्याकडून इथे वेगळे ६० हजार घेतलेत.

कलमबहाद्दर
आता कळलं झोप का उडाली. यातली निम्मी भीती रास्त आहे.

वृद्धाश्रम वाईट नाही, पण तुमचा अनुभव आयसीयूचा आहे आणि पगाराचा हिशोब वेगळा. वृद्धसेवेत १ जुलै २०२५पासून साध्या हेल्परला तासाला किमान १६.१० युरो आणि फाखक्राफ्टला, म्हणजे मान्यता मिळालेल्या नर्सला, २०.५०. आठवड्याला ३९ तास धरले तर हेल्परचे महिन्याला सुमारे २,७०० ब्रुटो (कपातीआधी), टॅक्स क्लास १ मध्ये (एकट्या माणसाचा) हातात १,९००च्या आसपास. सरकारी हॉस्पिटल असतं तर टेरिफ करार, म्हणजे युनियनशी ठरलेले पगार, असतो, त्यात हेल्पर पी५ श्रेणीत, मान्यता मिळाली की पी७. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन्ही टप्प्यांचे आकडे, तास आणि राहण्याचं भाडं लिहिलंय का? "मान्यतेनंतर पगार वाढेल" एवढंच असेल तर आकडा मागा.

बॉण्डमध्ये बघा: ९,०००चा तपशील आहे का, रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का, आणि मालकानेच काढलं, त्याच्या चुकीमुळे सोडावं लागलं किंवा परीक्षेत नापास झालात तर काय. दोन वर्षांत एक दिवस कमी भरला तरी पूर्ण ९,०००, कारण काही असो, असं लिहिलं असेल तर जर्मन कामगार न्यायालयांत असं कलम सहसा टिकत नाही. पण नवख्या बाईने तिथे जाऊन कोर्टात भांडायचं ही कल्पनाच चुकीची, बदल सहीच्या आधी मागायचा. प्रोबेत्साईट, म्हणजे प्रोबेशन, जास्तीत जास्त सहा महिने, त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस. मालकाने पाचव्या महिन्यात काढलं तर बॉण्ड कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्न लेखी विचारा.

आणि ते ६० हजार. भारतात परदेशी भरती करणाऱ्या एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी ही मर्यादा आहे. पावती कशाची आहे बघा. जर्मन सरकारचं "फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड" हे मानचिन्ह असलेल्या संस्थांनी नर्सकडून भरतीचा खर्च घ्यायचाच नसतो. एकाच खर्चासाठी तुमच्याकडून इथेही पैसे आणि तिथेही बॉण्ड, हे मला तरी पटत नाही.

आउसबिल्डुंगप्रेमी
या मान्यतेच्या भानगडीत पडूच नका. सरळ आउसबिल्डुंग घ्या. तीन वर्षं शाळा आणि काम, पहिल्या वर्षापासून महिना तेराशे-चौदाशे युरो, भाषा आपोआप सुधारते, शेवटी जर्मन डिप्लोमा. कुणी बोट दाखवू शकत नाही.

रात्रपाळी
बीएस्सी झालेल्या, आयसीयू केलेल्या मुलीने पुन्हा पहिलीत बसायचं? बारावी पास मुलीसाठी आउसबिल्डुंग उत्तम, हिच्यासाठी तीन वर्षं वाया.

आउसबिल्डुंगप्रेमी
वाया कसं? भीतीच भाषेची आहे ना?

रात्रपाळी
भाषेची असेल तर अनपासुंगलेअरगांग आहे. डेफिझिटबेशाईड, म्हणजे तुझ्या अभ्यासक्रमात काय कमी आहे त्याचं पत्र आलं की दोन वाटा असतात. केन्टनिसप्रुफुंग, म्हणजे तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, लवकर आटोपते पण नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. किंवा अनपासुंगलेअरगांग, काही महिन्यांचं वर्ग-आणि-वॉर्ड प्रशिक्षण, शेवटी मोठी परीक्षा नसून एक संवाद. परीक्षेचा धसका असलेल्यांनी दुसरी वाट घ्यावी. पण कुठली वाट हे बऱ्याचदा मालक परस्पर ठरवून टाकतो, म्हणून तेही कॉन्ट्रॅक्टमध्ये शोध. वृद्धाश्रमात असशील तर लेअरगांगसाठी हॉस्पिटलमधल्या विभागांतही पाठवावं लागतं, ते कोण जमवणार?

आणि बी२चं ऐकणं: ग्योथे संस्थेची जर्मनची परीक्षा चार स्वतंत्र भागांची आहे, प्रत्येकात १००पैकी ६० लागतात. तिन्ही भाग निघाले आणि ऐकणं राहिलं तर तेवढंच पुन्हा दे.

नावात_काय_आहे
कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. लग्न झालंय किंवा ठरलंय का? पासपोर्टवरचं नाव आणि डिग्रीवरचं एकच आहे का?

गुलबक्षी२७
ठरलंय, फेब्रुवारीत. त्याचा काय संबंध?

नावात_काय_आहे
खूप आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललीत, तर डिग्री, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, बी१चं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट अशी चार कागदांवर तीन माणसं दिसतात. जर्मन कचेरीला ती तीन माणसंच वाटतात. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नका. आजच पासपोर्टवरचं आणि डिग्रीवरचं नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, त्याचं भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. आणि नवरा भारतात राहणार असेल तर लग्न झालं तरी टॅक्स क्लास १च धरा. एजंट "लग्नामुळे टॅक्स कमी" सांगतात, ते तो तिकडे राहायला आल्यावर.

डोंगरवाट
एकटीने राहण्याच्या भीतीबद्दल कुणीच बोललं नाही. नकाशा उघड. मालकाने दिलेल्या खोलीचा पत्ता माग, आश्रमाचा पत्ता टाक, आणि रात्री सव्वानऊची बस आहे का बघ. दुपारपाळी साधारण नऊला सुटते आणि लहान गावात शेवटची बस त्याआधीच जाते. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघ. बस नसेल तर पायी अंतर किती, रस्त्यावर दिवे आहेत का, हे तिथे आधीच राहणाऱ्या एखाद्या भारतीय नर्सला विचारायचं म्हणून एजन्सीकडून तिचा नंबर माग. नंबर द्यायला काचकूच केली तर त्यातच उत्तर मिळालं.

नंबर पाठ कर: पोलीस ११०, रुग्णवाहिका ११२, बायकांवरच्या अत्याचारासाठी ११६ ०१६, चोवीस तास, मोफत, इंग्रजीतही बोलतात. पासपोर्ट कुणालाही "सांभाळायला" द्यायचा नाही, मालकालाही नाही. कामाच्या हक्कांबद्दल "फेअर इंटिग्रेशन"ची केंद्रं मोफत सल्ला देतात, मालकाला न कळवता. पोचल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं, ते चावीबरोबरच घे.

सातासमुद्रापार
अवांतर: प्लगचा अडॅप्टर न्या. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, मिक्सर चालतो, फक्त आपली तीन गोल पिनांची पिन बसत नाही. घरचं तूप दोन किलो न्या, तिथलं आवडत नाही.

टिचकी
काका, तूप नाही! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. तूप, पनीर, पेढे सगळं कस्टम्समध्ये जप्त. मसाले आणि डाळ न्या.

सातासमुद्रापार
बरण्यांची तपासणी कोण करतंय?

टिचकी
ज्याची बॅग उघडतात त्याला विचारा.

गुलबक्षी२७
एजन्सीला मेल टाकला. विचारलं: आश्रम की क्लिनिक, दोन्ही टप्प्यांचे पगार, बॉण्ड दरमहा कमी होतो का, मालकाने काढलं किंवा नापास झाले तर काय, लेअरगांग की परीक्षा, खोलीचा पत्ता, आधी गेलेल्या एका नर्सचा नंबर. त्यांचा फोन आला, म्हणे "सोमवारची मुदत तशी पक्की नाही, गुरुवारपर्यंत चालेल". ६० हजारांच्या पावतीवर "ट्रेनिंग फी" लिहिलंय. ते धरायचं का?

कलमबहाद्दर
क्लासची फी वेगळी आणि भरतीचं शुल्क वेगळं असू शकतं. क्लास किती तासांचा, कोण शिकवतं आणि तोच क्लास ९,०००मध्ये पुन्हा मोजलाय का, हे लेखी मागा. मोजला असेल तर तेवढी रक्कम बॉण्डमधून वजा करून नवीन मसुदा पाठवा म्हणावं. गुरुवारी सुधारित पानं आल्याशिवाय सही करू नका. आलेली कलमं नाव खोडून इथे टाकलीत तर बघतो.

रात्रपाळी
आणि आज रात्रीचा हॅन्डओव्हर रेकॉर्ड केलास का?

गुलबक्षी२७
केला. दोन मिनिटं म्हणालात, पाच लागली. डायपरला काय म्हणतात?

रात्रपाळी
विंडेल. पण मोठ्यांसाठी "इन्कोमाटेरिआल" किंवा "फोरलागे" म्हण. पेशंटसमोर विंडेल म्हटलेलं त्यांना अपमानास्पद वाटतं.