व्यसनी व्हँपायर आणि बेळगावातलं 'लगेच'

टिळकवाडीचा स्टोरीटेलर:
परवा रात्री आमचा डाव पावणेबाराला मोडला, तोही एका फाशावरून. आम्ही 'व्हँपायर: द मास्करेड'ची २०१८ ची पाचवी आवृत्ती खेळतो, गोष्ट आपल्याच बेळगावात मांडलेली. टेबलावर बसून गोष्ट रचायचा खेळ हा: प्रत्येक भिडूचं एक रक्त पिणारं कॅरेक्टर, गोष्ट चालवणारा स्टोरीटेलर मी, आणि काम जमलं की नाही ते फासे टाकून ठरतं, त्यालाच रोल म्हणायचं. एका भिडूनं कॅरेक्टरला एका ठिपक्याचा ॲडिक्शन फ्लॉ, म्हणजे व्यसनाचा दोष, घेतलाय; जितके ठिपके तितका दोष मोठा. नियम आहे दोन ओळींचा. शेवटचं रक्त प्यालास त्यात तुझी नशा नसेल, तर प्रत्येक पूलमधून, म्हणजे एका कृतीसाठी टाकायच्या फाशांतून, एक फासा कमी. दोन ठिपके घेतलेस तर दोन फासे. सूट फक्त ती नशा लगेच मिळवून देणाऱ्या कृतीला.

ह्याची नशा तंबाखू. गडी रेल्वे स्टेशनापासून खडेबाजारापर्यंत माणूस हुडकत फिरला आणि म्हणाला, मी तंबाखूच हुडकतोय, फासा काढू नको. मी काढला. माणूस समोर आलाय, आता त्याला बोलण्यात गुंतवून बोळात न्यायचंय, त्या रोलला सूट. रस्ते तुडवायला सूट कसली? तुम्ही काय केलं असतं?

निपाणीचा कडक माल:
अण्णा, चुकलास गा. तलफ आलेला माणूस कधी जवळून बघितलास काय? आमच्या आजोबांना मोतीबिंदू, पेपरातलं अक्षर दिसायचं नाही. पण गल्लीच्या टोकाला कोण तंबाखू मळतोय ते कट्ट्यावर बसून सांगायचे. चुना लावून अंगठ्यानं रगडली की शेवटी तळहातावर दोन थापा मारतात बघ, त्या थापांवरून माणूस ओळखायचे. चंची रिकामी असली की कान जास्तच तिखट. हुडकण्यात असला माणूस तुझ्यामाझ्यापेक्षा हुशार असतो. बाकीच्या कामात हात थरथरतील, हिशोब चुकेल, बायकोवर खेकसेल, तिथं काढ की फासा. ती सूट हुडकण्यासाठीच ठेवलीय.

आणि तुझा भिडू आमच्या गावात आला तर फ्लॉच संपला. विडीच्या तंबाखूचं गाव आहे हे. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर त्या धुळीत असतात. त्या खात नसतील, पण निकोटिन अंगात जातंच. त्यांचं रक्त चालणार की नाही, ते सांग आधी.

शहापूरची:
त्या रात्री टेबलावर मीही होते, फासा काढला तो मला पटला नव्हता. पण दादा, वखारीतल्या बायका मध्ये आणल्यास म्हणून लिहिते. माझी मावशी विड्या वळायची. अंगाचा वास आंघोळीनंही जायचा नाही. तिला कसलं व्यसन नव्हतं. फ्लॉ व्हँपायरचा आहे, ज्याचं रक्त प्यायचं त्याचा नाही, त्यामुळे नियमाच्या अक्षरानं तुझंच बरोबर, पदार्थ रक्तात असला की झालं. पण असली बाई मांडायची तर तिला नाव द्या, घरी वाट बघणारी पोरं द्या. नुसती चालतीबोलती पुडी करून ठेवू नका.

'लगेच'वर भांडणं तर बेळगावात फुकटच. इथं 'आलोच' म्हणणारा अजून आंघोळीला गेलेला नसतो. माझी कन्नड मैत्रीण 'ईग बंदे' म्हणते, तीही अर्ध्या तासानं उगवते.

खानापूरचं रान:
फासा काढायचा की नाही यावर सगळे भांडताय, तो कुठल्या रंगाचा जातो ते कुणी बघतच नाही. समजा पूल सहाचा आणि हंगर, म्हणजे कॅरेक्टरची भूक, तीन. भुकेचे फासे लाल, म्हणजे तीन लाल, तीन पांढरे. एक काढला तरी लाल तीनच राहतात, जातो पांढरा. फासा दहा बाजूंचा, सहापासून वर यश, म्हणजे सरासरी अर्धं यश गेलं. ते चालेल एकवेळ. पण रोल फसली आणि लालवर एक पडला की आतलं जनावर लगाम हातात घेतं, आणि पांढरा कमी झाला की रोल फसायची शक्यता वाढते.

मला तर ही घसरगुंडीच पाहिजे. नशा मिळाली नाही म्हणून फासा कमी, फासा कमी म्हणून शिकार हुकली, हुकली म्हणून आणखी उपाशी. व्यसन असंच असतंय की. शिवाय कॅरेक्टर बनवताना सात ठिपक्यांचे फायदे घेतले की दोन ठिपक्यांचे फ्लॉ घ्यावेच लागतात. फायदे चापून घ्यायचे आणि फ्लॉ भोगायची वेळ आली की 'लगेच'चा कीस काढायचा, हे नाही चालणार. स्टोरीटेलरनं बरोबर केलं. मी असतो तर पुढच्या रोललाही दिली नसती सूट.

निपाणीचा कडक माल:
मग ते 'लगेच'चं वाक्य छापलंय कशाला? आणि घसरगुंडीचं म्हणशील तर ती खेळात आधीच आहे गा. रोज संध्याकाळी उठतानाच राऊज चेक असतो, भुकेसाठी एक फासा टाकायचा, फसला की हंगर वाढला. त्यावर आणि हे कशाला?

टिळकवाडीचा स्टोरीटेलर:
आजोबांच्या थापांवर मी हरलो. आता असं धरतो: वास आला, थाप ऐकू आली, कुणी पिंक टाकताना दिसला, तिथून चावेपर्यंत सगळ्याला सूट. त्याच्या आधीच्या भटकंतीला फासा जाणार. वखारीतली बाई चालेल, तिला नाव आणि पोरं द्यायची अट मान्य.

भिडू आता रक्ताची पिशवी प्यायचं म्हणतोय, ते मात्र ऐकणार नाही. देणारा तंबाखू खायचा की नाही हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. प्यालास तर तेच तुझं शेवटचं रक्त, आणि फासा कमी.

निपाणीचा कडक माल:
भाऊबंदकीतल्या बांधासारखं अर्ध्यावर आणून सोडलास. त्या भिडूला माझा निरोप सांग, पुढच्या खेपेला स्टेशनावर वेळ घालवू नको म्हणावं. सरळ रविवार पेठेत हमालांच्यात जाऊन बसायचं. भटकंती नाही, रोल नाही, फासा नाही.

खानापूरचं रान:
बसू दे. मी स्टोरीटेलर असतो तर त्या रात्री सगळे हमाल यल्लम्माच्या जत्रेला गेले असते.

शहापूरची:
रविवारी येताना कुणीतरी लाल फासे आणा रे. परवाच्या भांडणात पाचातला एक सोफ्याखाली गेलाय, आणि माझा हंगर चारवर आहे.