पाण्यालगत ड्रोन उडवताना : तुमचे अनुभव सांगा

दोन महिन्यांपूर्वी माझा ड्रोन एका तळ्यात गेला. वारा पडलेला होता, बॅटरी ६० टक्के होती, सिग्नल पूर्ण होता. पाण्यापासून मीटरभर उंचीवर ड्रोन उभा करून मी समोरच्या काठावरच्या झाडांचं प्रतिबिंब टिपत होतो. रिमोटवरच्या दोन्ही स्टिक मोकळ्या सोडल्या होत्या. ड्रोन आपला आपण हळूहळू खाली येत गेला. कॅमेरा समोर रोखलेला, त्यामुळे स्क्रीनवर फक्त प्रतिबिंब मोठं होताना दिसलं, आणि मला ते सुंदर वाटत होतं. मग चित्र गेलं.

त्यानंतर मी कारण शोधत बसलो. जमिनीजवळ ड्रोन उंची मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरवतो. एक, आतला बॅरोमीटर. समुद्रसपाटीजवळ मीटरभर वर गेलं की हवेचा दाब जेमतेम १२ पास्कलने उतरतो. उन्हाने तापलेलं यंत्र, वाऱ्याची झुळूक, पंख्यांचा झोत, यांतल्या कशानेही एवढा फरक पडू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे पोटाखालचे सेन्सर : कॅमेरे, आणि ध्वनिलहरी किंवा अवरक्त किरण सोडून त्यांच्या परतण्यावरून अंतर मोजणारी यंत्रणा. खाली माती, गवत, फरशी असेल तर ही जोडी उत्तम चालते. पाण्यावर कॅमेऱ्याला धरून ठेवायला खूणच मिळत नाही आणि किरण भलतीकडे परावर्तित होतात किंवा आत शिरतात. जीपीएस जागा बरी दाखवतो, पण उंचीत काही मीटर चुकणं त्याला नवीन नाही. थोडक्यात, मीटरभर उंचीवर माझ्या ड्रोनला आपण कुठे आहोत हे खात्रीने सांगणारं काहीच नव्हतं.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा धागा. पाण्यावर खाली उडवताना काय झालं, काय थोडक्यात टळलं, आता तुम्ही काय करता, ते तपशिलात लिहा. कोण किती खाली गेलं याची चढाओढ इथे नको.

* * *

मी वल्हवण्याच्या सरावाचं चित्रण करते. प्रशिक्षकांना वल्ह्याचा पाण्यात शिरतानाचा कोन पाहायचा असतो, त्यामुळे खाली उडवण्यावाचून पर्याय नसतो. सहा वर्षांत एकही ड्रोन बुडाला नाही, पण दोनदा पंखे पाण्याला टेकता टेकता राहिले. त्यांतल्या एका वेळेचं सांगते.

होडीशी समांतर, जोरात जात होते. होडी थांबली म्हणून मीही स्टिक झटक्यात सोडली. ड्रोन नाक वर करून थांबला आणि थांबता थांबता मीटरभर तरी खचला. स्क्रीनवरचा उंचीचा आकडा मात्र जवळपास तोच. वेगात उडताना ड्रोनच्या अंगावरून जाणाऱ्या हवेने बॅरोमीटरपाशी दाब बदलतो, त्याला उंची चुकीची कळते, आणि थांबल्यावर तो ती चूक 'दुरुस्त' करायला जातो. त्या दिवसापासून पाण्यावर ब्रेक मारायचा नाही हा नियम केला. वेग हळूहळू सोडायचा, आणि सोडताना उंचीची स्टिक किंचित वर दाबून ठेवायची. स्पोर्ट मोड, म्हणजे सर्वांत वेगाने उडण्याची सेटिंग, तर पाण्यावर मी लावतच नाही. त्यात अडथळा ओळखणारे सेन्सर बंद असतात आणि थांबायला ३० मीटरपर्यंत अंतर लागू शकतं.

धागाकर्त्याच्या अनुभवात एक भर घालते. फार खाली एका जागी उभं राहिलं की पंख्यांच्या झोताने पाण्यावर गोल तरंग उठतात आणि बाहेर पसरतात. खालचा कॅमेरा ते तरंग पाहतो आणि जमीनच सरकते आहे असं धरतो. मग ड्रोन त्यांच्या मागे जातो, डोलतो, कधी सरळ वाहवत जातो. म्हणजे स्थिर पाण्यावर ही अस्थिरता आपण स्वतःच निर्माण केलेली असते. दीड-दोन मीटरच्या वर गेलं की हे तरंग फिके पडतात.

माझी किमान उंची आता तीन मीटर आहे, आणि त्यासाठी चित्रात तडजोड करावी लागत नाही. दुप्पट-तिप्पट फोकल लेंथची, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स असेल तर थोडं लांबून, तीन-चार मीटरवरून घ्या. कॅमेऱ्याचा पाण्याशी कोन लहान होतो आणि पाहणाऱ्याला ड्रोन पाण्याला चिकटून गेल्यासारखाच वाटतो. रुंद लेन्सने तोच परिणाम साधायला मीटरभर खाली जावं लागतं. लोक ड्रोन खाली नेतात, खरं तर मागे न्यायला हवा.

आणि एक माणूस बाजूला हवाच. उडवणाऱ्याला मागून पाहताना उंची कळत नाही. बाजूने पाहणाऱ्याला ड्रोन आणि त्याचं प्रतिबिंब दोन्ही दिसतात आणि त्यांच्यामधलं अंतर उंचीच्या दुप्पट असतं. ते अंतर मिटायला लागलं की माझा सहकारी फक्त "वर" एवढंच ओरडतो. जास्त शब्द ठरवलेलेच नाहीत.

* * *

प्रतिबिंबाचा मुद्दा शंभर टक्के. पण पाणी आरशासारखं असेल तर बाजूच्या माणसालाही फसगत होते, हे मी पाहिलंय. समुद्री विमानं चालवणारे वैमानिक अशा निवांत पाण्याला खवळलेल्या पाण्याइतकंच धोकादायक मानतात. पृष्ठभाग कुठे आहे हे डोळ्याला कळत नाही, म्हणून ते अंदाजाने उतरत नाहीत. शक्यतो काठालगत उतरतात म्हणजे बाजूला संदर्भ राहतो, आणि अगदी मंद, ठरलेल्या गतीने खाली येत राहतात, पाणी स्वतः टेकेपर्यंत. हे वाचल्यापासून मी संध्याकाळी मधोमध खाली जाणं सोडलं. काठ, बांध, बोया, एखादी फांदी, चौकटीत असं काहीतरी हवं. नसेल तर उंच.

* * *

मी बोटीवरून उडवतो. आमचं काम समुद्री सस्तन प्राण्यांची वरून छायाचित्रं घेऊन त्यांची लांबी मोजण्याचं आहे. तिथे पाण्याइतकीच बोट त्रास देते.

पहिली गोष्ट होम पॉइंट. ड्रोन उडाला ती जागा तो 'घर' म्हणून लक्षात ठेवतो. बोट मात्र वाहत जाते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा सिग्नल तुटला, ड्रोन शहाण्यासारखा वर चढला, परत आला, आणि जिथून आम्ही अर्ध्या तासापूर्वी निघालो होतो त्या मोकळ्या समुद्रावर उतरू लागला. सिग्नल वेळेवर परत मिळाला, तेव्हा तो पाण्यापासून दहा-बारा मीटरवर होता. आता दर काही मिनिटांनी रिमोटच्या जागेवरून होम पॉइंट नवा करणं हे एका माणसाचं ठरलेलं काम आहे. सिग्नल तुटल्यावर काय करायचं याची सेटिंगही बोटीवर बदलतो : परत ये ऐवजी जागेवर थांब. बोट त्याच्याकडे नेता येते.

दुसरी, उड्डाण. डेक पोलादी असेल तर होकायंत्र बिघडतं, आणि डोलणाऱ्या डेकवर ठेवून ड्रोन चालू केला तर कित्येकदा तो स्वतःची आतली जुळवणी पूर्ण करत नाही. आम्ही हातात उंच धरून, रेलिंगपासून लांब, बोट थांबवून उडवतो.

तिसरी, डेकच्या कडेवरून बाहेर पडणं. याकडे कुणी लक्ष देत नाही. खाली उडताना काही ड्रोन सेन्सरने खालच्या पृष्ठभागापासूनचं अंतर धरून ठेवतात. डेकवर दोन मीटर उंचीवर असलेला ड्रोन कडेबाहेर गेला की त्याच्याखाली एकदम चार मीटरचा खड्डा पडतो, आणि तो अंतर राखायला खाली जातो. परत येताना उलट, डेक समोर आला की उसळतो. म्हणून आधी सरळ वर, मगच बाहेर. येतानाही वरूनच.

चौथी, हातात पकडणं. उतरताना खालच्या सेन्सरला हात अडथळा वाटतो आणि ड्रोन वर पळतो. खालचे सेन्सर बंद करायची सोय असेल तर या क्षणापुरती वापरा. पकडणाऱ्याला डोळ्यांवर गॉगल आणि जाड हातमोजे. उडवणारा आणि पकडणारा एकच माणूस असू नये.

लाटांबद्दलही लिहायला हवं. अंदाजात सांगतात ती लाटेची उंची सर्वांत मोठ्या लाटेची नसते, सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पट येऊ शकते. अंदाज दीड मीटरचा असला तर मी तीन मीटरची लाट गृहीत धरतो आणि त्यावर आणखी पाच मीटर मोकळे ठेवतो. यापेक्षा खाली जाऊन मिळवावं असं चित्र मला अजून सापडलेलं नाही. शिवाय खाली गेलं की प्राणी बिथरतात, आणि मग मोजमापच निरुपयोगी होतं.

* * *

पक्षी! माझ्या ड्रोनवर एक समुद्रपक्षी दोनदा झेपावला. घाबरून मी खाली गेलो, तेच चुकलं. पक्षी वरून सूर मारतात, त्यांना सरळ वर चढणं जड जातं. आपण वर जायचं आणि तिथून निघून जायचं. घरटी असतील तर त्या दिवशी उडवायचंच नाही.

* * *

माझा अनुभव उंचीच्या आकड्याचा. मी एका कड्यावरून ड्रोन उडवला आणि खाली समुद्राकडे नेला. स्क्रीनवर उणे १८ दिसत होतं. तो आकडा उड्डाणाच्या जागेपासूनचा असतो, पाण्यापासूनचा नव्हे, हे मला माहीत होतं. कडा साधारण २५ मीटर आहे असा माझा अंदाज होता, म्हणजे सात मीटर हाताशी. अंदाज चुकला. शिवाय भरती चढत होती, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. लाटेचे तुषार कॅमेऱ्यावर आले तेव्हा मला कळलं.

तेव्हापासून आधी काठावर, पाण्याच्या पातळीला, एकदा ड्रोन नेऊन आकडा पाहून घेते. तो आकडा म्हणजे त्या दिवसाचं माझं शून्य. तासाभराने पुन्हा बघते, कारण भरतीचं पाणी आणि हवेचा दाब दोन्ही थांबलेले नसतात. दाब एका मिलिबारने बदलला तर आकडा आठ मीटरच्या आसपास सरकतो.

* * *

ध्रुवीकरण फिल्टर लावल्याने खालच्या सेन्सरला मदत होते का? चमक कमी होते ना?

* * *

नाही. फिल्टर मुख्य कॅमेऱ्यासमोर बसतो, पोटाखालच्या कॅमेऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही. चित्रासाठी मात्र जरूर लावा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात पाहिलं तर चमक सर्वांत जास्त कापली जाते. एक धोका : चमक गेली की पाण्याचा तळ दिसायला लागतो आणि स्क्रीनवर पृष्ठभाग कुठे आहे हेच कळेनासं होतं. मी आधी फिल्टरशिवाय एक फेरी मारतो.

* * *

वाऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. काठावर झाडांच्या आडोशाला उभं राहून 'आज वारा नाही' असं ठरवणं ही माझी चूक होती. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारं काही नसतं. मी वाऱ्याच्या दिशेने झोकात ८०० मीटर गेलो आणि परतताना ड्रोन जागचा हलेना. बॅटरी अगदीच उतरली की बहुतेक ड्रोन स्वतःहून खाली उतरायला लागतात, आणि खाली काय आहे याचा विचार करत नाहीत. माझाही उतरू लागला. उंचीची स्टिक पूर्ण वर दाबून धरली तर उतरणं मंदावतं आणि पुढे सरकता येतं, एवढं वाचलेलं आठवलं. घरची दिशा सोडून सर्वांत जवळच्या खडकाळ टोकाकडे वळवला. एक पंखा तुटला, बाकी सगळं हाती आलं.

आता जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर. पाण्यावर असताना ४० टक्के म्हणजे परत.

* * *

बुडालेला ड्रोन बाहेर काढल्यावरचं सांगतो, कारण घाईत लोक तिथेच धोका पत्करतात. चालू करून बघू नका. बॅटरी लगेच काढा. खाऱ्या पाण्यात गेलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, घरात किंवा गाडीत ठेवायची नाही. आत मिठाने शॉर्ट होत राहतं, आणि वरून ठीक दिसणारी बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. उघड्यावर, जळण्यासारखं काही नसेल अशा जागी ठेवून ती घातक कचरा म्हणून द्यायची. ड्रोनचं अंग मात्र ताबडतोब गोड्या पाण्याने धुवायचं, भरपूर. ओल्यावर पुन्हा पाणी कशाला, असं वाटतं, पण मीठ सुकलं की तांबं खायला लागतं. त्यानंतर शुद्ध पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि कित्येक दिवस वाळवणं. माझा अशा रीतीने सुरू झाला, पण मी तो पुन्हा पाण्यावर नेत नाही. मोटरच्या बेअरिंगवर माझा विश्वास राहिलेला नाही.

* * *

धागाकर्ता : सगळ्यांचे मनापासून आभार. काल नवा ड्रोन घेऊन त्याच तळ्यावर गेलो. आधी काठाशी पाण्याच्या पातळीला आकडा पाहिला : उणे १.४. मग काठापासून पाच मीटरवर, चार मीटर उंचीवर, स्टिक सोडून दोन मिनिटं उभा केला आणि मित्राला बाजूने प्रतिबिंब पाहायला सांगितलं. पहिल्या मिनिटात ड्रोन तसाच होता. दुसऱ्यात मित्र दोनदा "वर" म्हणाला. स्क्रीनवर आकडा सगळा वेळ २.६ होता.

झाडांचं प्रतिबिंब लांब लेन्सने, चार मीटरवरून घेतलं. खालच्या ओळीत एक बगळा आला आहे, तो आधीच्या चित्रात नव्हता.