गणेशोत्सवातील शिल्लक निधी गरजू कुटुंबांना केव्हा आणि कसा द्यावा?

प्रश्न : खजिनदार, शहापूर

नमस्कार. बेळगावच्या शहापूर भागातील एका गल्लीच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचे हिशेब गेली काही वर्षे मी पाहतो. मागील वर्षी मिरवणुकीत डॉल्बी लावायची नाही असे आम्ही ठरवले आणि मूर्ती, मंडप, रोषणाई, महाप्रसाद व विसर्जन हा सारा खर्च भागवून वर्गणीतून ५२,००० रुपये शिल्लक राहिले. ही रक्कम गल्लीतील व आसपासच्या गरजू कुटुंबांसाठी वापरावी, यावर सर्व पंचमंडळी आणि तरुण कार्यकर्ते यांचे एकमत आहे. ती केव्हा, कोणाला आणि कोणत्या स्वरूपात द्यावी, यावर मात्र तीन बैठका होऊनही निर्णय झालेला नाही.

मतभेदाचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उत्सवाच्या सातव्या दिवशी, आरतीपूर्वी, मंडपात वह्यावाटपाचा कार्यक्रम ठेवला होता. ध्वनिक्षेपकावरून मुलांची नावे पुकारली आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते वह्या दिल्या. यादीत चाळीस मुले होती, त्यांपैकी अकरा आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापैकी एका घरी वह्या घेऊन गेलो, तेव्हा त्या मुलाच्या आईने अत्यंत शांतपणे सांगितले, "वह्या जूनमध्येच उधारीवर घेतल्या. त्या उधारीचे पैसे अजून फिटायचे आहेत. आता पोराला मांडवात उभे करून काय करू?" त्या माउलीला काय उत्तर द्यावे, हे मला तेव्हाही सुचले नाही आणि अजूनही सुचत नाही.

सध्या आमच्यात तीन मते आहेत. दिवाळीत फराळ आणि कपडे द्यावेत, वैशाखातील शिवजयंतीच्या वेळी कार्यक्रम करावा, किंवा संपूर्ण रक्कम एखाद्या नोंदणीकृत संस्थेला द्यावी. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, किंवा ज्यांच्या घरी अशी मदत आलेली आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

उत्तर : प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका

त्या आईच्या वाक्यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे, असे मला वाटते. आपल्याकडे निधी भाद्रपदात जमतो आणि घरात पैशांची ओढाताण ज्येष्ठ-आषाढात असते. या दोन्हींच्या मध्ये नऊ-दहा महिन्यांचे अंतर आहे. उत्सवात जमलेले पैसे उत्सवातच खर्च झाले पाहिजेत असा नियम कोणी घातलेला नाही. ते बँकेत ठेवून मे महिन्याच्या शेवटी काढावेत, एवढा एक निर्णय घेतला तरी बरेच साध्य होईल.

आमची शाळा सरकारी मराठी माध्यमाची आहे. कर्नाटकातील शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडतात, म्हणजे पलीकडे महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातील शाळांच्या साधारण दोन आठवडे आधी. पाठ्यपुस्तके, गणवेश आणि दुपारचे जेवण मुलांना सरकारकडून मिळते. त्यामुळे दानशूर मंडळी पुन्हा पुस्तके किंवा गणवेशच आणतात तेव्हा त्यांचा उपयोग होत नाही. पालकांच्या खिशातून जे जाते ते वेगळे असते : वह्या, दप्तर, कंपास, छत्री किंवा रेनकोट, आणि गणवेश कापडाच्या स्वरूपात आला तर त्याची शिलाई. दोन-तीन मुले असलेल्या घरात शिलाईचा खर्चही जड होतो. आमच्या गावातील महिला मंडळाने एक गोष्ट केली, ती आपणांस करण्यासारखी आहे. त्यांनी शिवणकाम करणाऱ्या गावातल्याच दोन महिलांना शिलाईचे पैसे आगाऊ दिले आणि पालकांना फक्त कापड नेऊन देण्यास सांगितले. मुलांचे गणवेश वेळेवर झाले आणि त्या दोघींनाही पावसाळ्याच्या तोंडावर काम मिळाले.

पश्चिमेकडील गावांत, म्हणजे जांबोटी, कणकुंबीच्या बाजूस, पाऊस एकदा सुरू झाला की तो थांबत नाही. तेथे पाचवी-सहावीतील मुलांना चांगल्या रेनकोटचे मोल वह्यांहून अधिक आहे, कारण भिजलेले मूल तापाने चार दिवस शाळेस मुकते. शहरातील मंडळांनी सर्वत्र एकाच यादीचा आग्रह धरू नये. आधी त्या भागातील शिक्षकांना विचारावे आणि मगच खरेदी करावी.

हायस्कूल आणि कॉलेजच्या मुलांचा विचार सहसा कोणी करीत नाही. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये मुलींना आणि महिलांना तिकीट लागत नाही, परंतु मुलग्यांना पास काढावा लागतो. दहावीनंतर खानापूर किंवा बेळगावला जाणाऱ्या एखाद्या मुलाचे शिक्षण केवळ पास, प्रवेश शुल्क आणि पहिल्या महिन्याचा किरकोळ खर्च यांपायी थांबल्याचे मी पाहिले आहे. अशा पाच मुलांचे प्रवेश शुल्क थेट कॉलेजात भरले, तर त्याची बातमी होणार नाही, पण पाच मुले बारावीपर्यंत पोहोचतील.

आणखी एक काम आहे, ज्याला पैसे जवळजवळ लागतच नाहीत. शिष्यवृत्तीसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, तो नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, काढावा लागतो, बँक खात्याला आधार जोडलेले असावे लागते, आणि हे अर्ज बहुधा कन्नडमध्ये असतात. ज्या आईवडिलांचे शिक्षण मराठीतून सातवीपर्यंत झाले आहे, त्यांना तो अर्ज वाचता येत नाही; ते एखाद्या दुकानात जाऊन पैसे देऊन तो भरून घेतात आणि नावातील एका अक्षराच्या फरकाने तो परत येतो. आपल्या गल्लीत कन्नड लिहिता-वाचता येणारे तरुण आणि निवृत्त कर्मचारी नक्कीच असतील. त्यांनी जून-जुलैमध्ये रविवारी दोन तास मंदिरात बसून अर्ज भरून दिले, तर एका मुलामागे मिळणारी शिष्यवृत्ती आपण वाटलेल्या वह्यांच्या कितीतरी पट असेल. माझ्या मते वह्यांआधी हेच सुरू करावे.

उत्तर : वडगावची एक वाचक

मी यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातील आहे. माझे पती माग चालवतात आणि मी घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते. आमच्या घरी मदत आलेली आहे, म्हणून लिहिते.

आषाढ लागला की लग्ने थांबतात, साडीची उचल कमी होते आणि मजुरी आठवड्याला मिळते तशी मिळत नाही. त्याच महिन्यात वडगावात मंगाईदेवीची यात्रा असते. यात्रेला माहेरवाशिणी येतात, पाहुणे येतात. त्यांना जेवू घालायचे नाही असे कोणत्याही घराला जमत नाही. बाहेरच्यांना हा अनावश्यक खर्च वाटेल, पण वर्षातून एकदा लेक घरी येते तेव्हा तिच्यासमोर हात आखडता घेणे आईला किती कठीण जाते, हे ज्या घरात घडते त्यांनाच कळते. शाळेचा खर्च, यात्रा आणि मंद धंदा या तिन्ही गोष्टी लागोपाठ येतात आणि त्यातूनच उधारी वाढते.

एका वर्षी आमच्या भागातील काही मंडळींनी धान्याची पाकिटे वाटली. तांदूळ आम्हांला रेशनवर मिळतोच, त्यामुळे तो घरात होता. तेल, तूरडाळ, साखर, चहापूड आणि गॅसचे सिलिंडर यांची चणचण होती. मदत करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, मी त्यांना नावे ठेवत नाही. पण त्यांनी एकदा विचारले असते, तर त्याच पैशांत आमची खरी गरज भागली असती. नंतर दुसऱ्या एका गृहस्थांनी वेगळी रीत वापरली. त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे काही कुटुंबांच्या नावे ठरावीक रक्कम जमा केली आणि दुकानदाराने आम्हांला एवढेच सांगितले की तुमच्या खात्यावर इतके पैसे जमा आहेत, हवे ते न्या. कोणी दिले ते आम्हांला आजही नेमके माहीत नाही. मी त्यातून तेल आणि डाळ घेतली, आणि शंभर रुपये मागच्या उधारीत वळते केले.

फोटोविषयीही लिहिणे मला आवश्यक वाटते. माझ्या मुलीचा पिशवी घेतानाचा फोटो कोणीतरी व्हॉट्सॲपच्या गटात टाकला आणि तो तिच्या वर्गातील मुलींपर्यंत पोहोचला. त्यानंतर ती कोणत्याही वाटपाच्या कार्यक्रमाला आली नाही. आपल्या यादीतील अकरा मुले का आली नाहीत, हे मला न विचारता समजले.

उत्तर : निपाणीचा रहिवासी

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. केवळ एक मुद्दा जोडतो, तो म्हणजे थोडी रक्कम आपत्तीसाठी राखून ठेवण्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगा व दूधगंगेला पूर आला, यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली आणि नदीकाठच्या गावांतील कुटुंबे शाळांत येऊन राहिली. पहिल्या आठवड्यात बिस्किटे आणि जुने कपडे इतके आले की ते ठेवायला जागा नव्हती. पाणी ओसरल्यावर घर धुण्यासाठी फिनाईल, खराटे, एक कोरडी गादी, स्वयंपाकाची भांडी आणि जनावरांसाठी वैरण यांची गरज पडली, तेव्हा मदतीचा ओघ आटलेला होता. पुरानंतरचे दुसरे-तिसरे पंधरवडे सर्वांत अवघड असतात. आपल्या ५२,००० पैकी दहा हजार रुपये बाजूला ठेवावेत आणि पूर आला तर ते पाणी उतरल्यावरच खर्च करावेत, अशी माझी विनंती आहे. पूर आला नाही तर ते पुढील जूनसाठी आहेतच.

उत्तर : हिशेबाचे काम करणारा, टिळकवाडी

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो, कारण सद्भावनेने सुरू झालेली अशी कामे बहुतेक वेळा संशयामुळे मोडतात.

रक्कम आठ-नऊ महिने ठेवायची असेल, तर ती कोणत्याही एका व्यक्तीच्या खात्यात ठेवू नये, मग ती व्यक्ती कितीही विश्वासू असो. मंडळाची नोंदणी नसेल तर ती करून घ्यावी. कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० प्रमाणे किमान सात सदस्य असले की संस्था नोंदवता येते. त्यानंतर संस्थेच्या नावे पॅन आणि बँक खाते काढून दोघांच्या संयुक्त सहीने व्यवहार ठेवावा. उत्सवाची वर्गणी आणि मदतनिधी यांची पावतीपुस्तके वेगळी असावीत. वर्गणीदाराने मंडपासाठी दिलेले पैसे मदतीसाठी वापरले, तर त्यास सर्वांची संमती आहे हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे. आज एकमत असले तरी पुढील वर्षी कार्यकारिणी बदलते. हिशेबाचा कागद गल्लीच्या फलकावर लावावा, मात्र त्यात लाभार्थ्यांची नावे नसावीत. "बारा मुलांचे प्रवेश शुल्क, इतके रुपये" एवढे पुरेसे आहे, आणि नावांची यादी दोन-तीन जबाबदार व्यक्तींकडे राहावी.

संस्थेला रक्कम देण्याचा पर्यायही मी वाईट मानत नाही, विशेषतः जे काम गल्लीतील मंडळाला झेपणारे नाही त्यासाठी. एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी बेळगावात महेश फाउंडेशन काम करते. त्या मुलांना लागणारी औषधे, आहार आणि सततची देखरेख कोणत्याही मंडळाला एकट्याने देता येणार नाही. शांताई वृद्धाश्रमाशी जोडलेल्या कार्यकर्त्यांनी रद्दी गोळा करून तिच्या विक्रीतून गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला हातभार लावला आहे. ही कल्पना आपल्या गल्लीतही राबवता येईल, कारण रद्दी प्रत्येक घरात असते आणि ती देताना कोणालाही मोठेपणा किंवा कमीपणा वाटत नाही. आयकर सवलत हवी असणाऱ्या मोठ्या देणगीदारांना अशा नोंदणीकृत संस्थांकडे पाठवावे. देणगीवरील आयकर सवलतीची मान्यता ('८०जी') आहे का, हे देणगीपूर्वीच विचारावे, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही हे सांगावे, म्हणजे धनादेशाने किंवा ऑनलाइन व्यवहार होईल.

पुन्हा : खजिनदार, शहापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही उत्तरे मी कालच्या बैठकीत वाचून दाखवली. वडगावच्या ताईंचे उत्तर वाचून झाल्यावर काही वेळ कोणीच बोलले नाही, आणि त्यानंतर स्टेजवरील वाटप बंद करण्याचा ठराव आमच्या तरुण कार्यकर्त्यांनीच मांडला, याचे मला फार समाधान आहे.

सध्या असे ठरले आहे. १०,००० रुपये आपत्तीसाठी राखून ठेवू. शाळा उघडण्यापूर्वी शिलाई आणि प्रवेश शुल्क यांसाठी २४,००० रुपये थेट शिवणकाम करणाऱ्यांकडे व कॉलेजांत भरू. उरलेले १८,००० रुपये आषाढात दोन किराणा दुकानदारांकडे जमा करू. नोंदणीचे कागद एका सदस्याकडे सोपवले आहेत. अर्ज भरून देण्यासाठी आमच्या गल्लीतील एक निवृत्त पोस्टमन स्वतःहून पुढे आले. त्यांचे कन्नड उत्तम आहे.

एक शंका उरली आहे. कुटुंबांची निवड कोणी करावी? आम्हीच केली तर ओळखीच्या घरांचाच विचार होईल, अशी भीती वाटते.

उत्तर : प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका

अंगणवाडी सेविकेला आणि आशा कार्यकर्तीला विचारावे. त्या घरोघरी जातात, कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणाचा रोजगार बंद आहे, कोठे आजारपण आहे हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्याशिवाय वर्गशिक्षकांना एकच प्रश्न विचारावा : जूनच्या पहिल्या आठवड्यात कोणते मूल वहीविना येते? शिक्षकांना ती नावे तोंडपाठ असतात. दोन्ही याद्यांत जी घरे येतील तेथून आरंभ करावा. आपल्या पोस्टमन काकांनाही यादी दाखवावी. त्यांनी इतकी वर्षे ज्या दारांत मनीऑर्डरी दिल्या, ती दारे त्यांना आपल्या सर्वांपेक्षा चांगली माहीत असतील.