गरम इंजिन पुन्हा सुरू न होणे

चोर्ला घाट चढून जांबोटीला चहासाठी थांबल्यावर आपली जुनी कार्ब्युरेटरची गाडी अर्धा तास सुरू होत नाही, म्हणून बॅटरी बदलण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे. परंतु सेल्फ जोमाने फिरत असेल, तर तो खर्च व्यर्थ आहे. गाडी अडून बसलेली असतानाच स्पार्क प्लगची ठिणगी तपासावी, कारण थंड झाल्यावर तपासणी केल्यास काहीच सापडत नाही. ठिणगी क्षीण किंवा पिवळसर असेल, तर तापल्यावर दगा देणाऱ्या इग्निशन कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाचा) संशय प्रथम घ्यावा. ठिणगी चांगली असून प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. कोरडा निघाला, तर पेट्रोलची वाफ अडकलेली असू शकते, तेव्हा गाडीतल्या इंधन पंपावर ओले फडके ठेवून पाहावे.