मदत हवी आहे: बांगलादेशातील संत्र्यावरचे आयात शुल्क ‘साफ्टा’च्या चौकटीत कमी करून घेता येईल का?

नमस्कार. वरुड-मोर्शी भागातील संत्रा उत्पादकांच्या एका गटातर्फे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही करत आहोत. नागपुरी संत्र्याची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ म्हणजे बांगलादेश. तिथले आयात शुल्क २०१९ पासून टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि आंबिया बहाराचा जो माल पेट्रापोल-बेनापोल या सीमानाक्यामार्गे पलीकडे जात असे, त्यातला बराचसा आता देशातल्याच मंड्यांत उतरून भाव पाडतो. बागा तोडण्याची वेळ आलेली माणसे आमच्या गटात आहेत, म्हणून मागणी नेमक्या ठिकाणी आणि नेमक्या शब्दांत जावी, ही तळमळ आहे.

सार्क देशांचा ‘साफ्टा’ हा मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे. मात्र प्रत्येक देशाला आपली ‘संवेदनशील यादी’ राखता येते आणि त्या यादीतल्या मालाला सवलत मिळत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, कराराची सवलत मुख्यतः मूळ सीमाशुल्कापुरती आहे. त्यावर बसणारे नियामक शुल्क आणि पूरक शुल्क तसेच राहते आणि फळांच्या बाबतीत खरा भार त्यांचाच असतो, असे आमचे मत झाले आहे. भारताने मात्र २०११ पासून बांगलादेशासह सार्कमधील अल्पविकसित देशांच्या जवळपास सर्व मालाला, तयार कपड्यांसकट, शुल्कमुक्त प्रवेश दिला आहे. बांगलादेशाचा तो दर्जा संपताना या सवलतीची फेरमांडणी करावीच लागेल. संत्र्याचा विषय तेव्हा मांडणे आम्हाला रास्त वाटते.

प्रश्न व्यासपीठाचा आहे. सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर झालेली नाही. बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांचा गट असलेल्या बिमस्टेकचे सचिवालय ढाक्यातच असले, तरी मुक्त व्यापाराचा २००४ चा आराखडा अजून पूर्ण करारापर्यंत पोहोचलेला नाही. वाहतुकीचेही तसेच. बेनापोलच्या आवारात आपला ट्रक रिकामा होतो आणि एकेक कॅरेट हमालांकरवी बांगलादेशी ट्रकमध्ये चढते. हे टाळण्यासाठी जून २०१५ मध्ये थिंफूला चार देशांचा मोटार वाहन करार झाला, पण भूतानच्या संसदेने त्याला संमती दिली नाही.

अशा स्थितीत निवेदनात ‘साफ्टा’च्या तज्ज्ञ समितीचा आग्रह धरावा, की दोन्ही देशांच्या वाणिज्य सचिवांच्या बैठकीचा? सीमाशुल्क वर्गीकरणातील ०८०५.२१ या उपशीर्षाखालील संत्रे बांगलादेशाच्या संवेदनशील यादीत आहे का, हे अधिकृतपणे कुठे पाहावे? आणि कोणी ‘साफ्टा’चे उगम प्रमाणपत्र (माल कोणत्या देशातला आहे याचा दाखला) जोडून फळे पाठवली असल्यास, बेनापोलला कोणकोणती शुल्के कोणत्या दराने लागली, ते कृपया बाबवार कळवावे.